आर्थर व्हार्टन: लीगचे सामने मोजताना घोळ कुठे होतो?

गोलखांब

आर्थर व्हार्टनच्या कारकिर्दीची मराठीत नीट नोंद करायची आहे. जन्म २८ ऑक्टोबर १८६५, गोल्ड कोस्टमधलं जेम्सटाउन, म्हणजे आजच्या घानाच्या राजधानीतला, आक्रातला भाग. वडील ग्रेनाडाचे, मेथडिस्ट मिशनरी. आई फांटे राजघराण्याच्या नात्यातली. धर्मप्रचारकाचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला आला आणि गोलरक्षक झाला. क्लबांचा क्रम जुळला आहे: डार्लिंग्टन, प्रेस्टन नॉर्थ एंड, रॉदरहॅम टाउन, शेफील्ड युनायटेड, परत रॉदरहॅम, स्टेलिब्रिज रोव्हर्स, ॲश्टन नॉर्थ एंड, परत स्टेलिब्रिज, शेवटी स्टॉकपोर्ट काउंटी. गाडी अडते ती आकड्यांपाशी.

प्रेस्टनसाठी तो एफए कपच्या (इंग्लंडमधल्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) उपांत्य फेरीपर्यंत खेळला, पण तक्त्यांत प्रेस्टनपुढे काहीच नसतं. रॉदरहॅममध्ये सलग पाच हंगाम काढले, तरी सामने एका हंगामाला पुरतील एवढेच दिसतात. शेफील्ड युनायटेडपुढे तर फक्त १. हे आकडे चुकीचे आहेत की मोजणीच वेगळी आहे?

शिवाय त्याच्या नावाला तीन ‘पहिला’ चिकटलेले आहेत: पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू, अव्वल विभागातला पहिला कृष्णवर्णीय आणि फुटबॉल लीगमधला पहिला परदेशी. तिन्ही ठेवावेत का? आणि क्रॉसबारला लोंबकळून दोन पायांत चेंडू पकडल्याची गोष्ट सगळीकडे आहे, ती नोंदीत घ्यावी का? मूळ कागद तपासायचे तर सुरुवात कुठून करावी, हेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

उजवी_बगल

आकडे बरोबर आहेत. ते ज्या रकान्यात बसतात त्याचं नाव ‘फुटबॉल लीग’ आहे, ‘फुटबॉल’ नाही. सगळा घोळ तिथे होतो.

फुटबॉल लीग, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांची हंगामभर चालणारी साखळी स्पर्धा, सुरू झाली ८ सप्टेंबर १८८८ला, बारा क्लब घेऊन. व्हार्टन प्रेस्टनकडे होता १८८६ ते १८८८. म्हणजे लीगचा पहिला चेंडू पडायच्या आधीच तो तिथून निघालेला. प्रेस्टनकडून तो खेळला ते एफए कपचे सामने आणि मैत्रीपूर्ण लढती. १८८६-८७च्या कपात उपांत्य फेरीत वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने प्रेस्टनला ३-१ हरवलं. तेव्हा प्रेस्टनपुढे लीगच्या रकान्यात ‘०’सुद्धा लिहू नका, आडवी रेघ द्या. शून्याचा अर्थ संधी होती पण खेळला नाही. रेघेचा अर्थ स्पर्धाच नव्हती. कपासाठी वेगळा रकाना ठेवा, नाहीतर त्याची सर्वात गाजलेली दोन वर्षं तक्त्यातून गायब होतात.

प्रेस्टन सोडण्याबद्दल थोडं लिहाच. १८८८मध्ये तो धावण्याकडे वळला, आणि त्याच मोसमात प्रेस्टनने लीग न हरता जिंकली: २२ सामने, १८ विजय, ४ बरोबरी. वर एफए कपही, एकही गोल न खाता. लीगमध्ये गोल सांभाळला मुख्यतः जेम्स ट्रेनरने, कपात रॉबर्ट मिल्स-रॉबर्ट्सने. आज पाहता हा निर्णय त्याला फार महाग पडला असं वाटतं. पण १८८८च्या उन्हाळ्यात ही नवी लीग किती वर्षं टिकेल हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि शेफील्डच्या हँडिकॅप शर्यतींना (वेगवान धावकाला मागून सुरुवात करायला लावणाऱ्या) बक्षिसांचा रोख पैसा होता. शिवाय त्याचं खरं भांडवल पायांत होतं. ३ जुलै १८८६ला स्टॅमफर्ड ब्रिजवर, ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशनच्या अजिंक्यपद स्पर्धेत, त्याने १०० यार्ड १० सेकंदांत पार केले. १८८७ला तो किताब राखलाही. (स्टॅमफर्ड ब्रिज तेव्हा धावपट्टीचं मैदान होतं. चेल्सी क्लब निघाला १९०५मध्ये.)

याच किताबामुळे तो प्रेस्टनमध्ये कागदावर हौशी राहिला. उघडपणे पैसे घेतले असते तर हौशी शर्यतींची दारं बंद झाली असती. क्लबालाही ते सोयीचं होतं. जुलै १८८५मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली ती अटी घालूनच: कपात खेळणाऱ्या व्यावसायिकाचा जन्म मैदानापासून सहा मैलांच्या आत झालेला हवा किंवा त्या टापूत त्याचं दोन वर्षं वास्तव्य हवं. व्हार्टनचं बिऱ्हाड डार्लिंग्टनकडे. व्यावसायिक म्हणून नोंदला असता तर १८८६-८७चा कप त्याला खेळताच आला नसता.

आता रॉदरहॅम. १८८९मध्ये तो रॉदरहॅम टाउनकडे व्यावसायिक म्हणून गेला. क्लब तेव्हा मिडलंड लीगमध्ये, म्हणजे फुटबॉल लीगबाहेरच्या एका प्रादेशिक स्पर्धेत होता, आणि १८९१-९२ व १८९२-९३ असं दोनदा ओळीने ती जिंकला. त्या जोरावर १८९३मध्ये फुटबॉल लीगच्या दुसऱ्या विभागात निवडला गेला; लिव्हरपूल, न्यूकॅसल युनायटेड आणि वुलिच आर्सेनल त्याच वर्षी आत आले. म्हणजे पाच हंगामांपैकी लीगचा हंगाम एकच, १८९३-९४. विभागात १५ संघ, प्रत्येकाचे २८ सामने. यापेक्षा मोठा आकडा दिसला तर त्यात मिडलंड लीग मिसळली आहे असं समजा.

शेफील्ड युनायटेडने त्याला १८९४मध्ये घेतलं आणि त्याच उन्हाळ्यात विल्यम फोल्कलाही. फोल्क वीस वर्षांचा, आडदांड, आणि पहिल्या सामन्यापासून संघात. बदली खेळाडूची पद्धत नव्हती. दुसरा गोलरक्षक मैदानात यायचा तो पहिला आजारी किंवा जायबंदी असेल तरच. एरवी राखीव संघाकडून खेळायचं. व्हार्टनच्या वाट्याला पहिल्या विभागाचा एकच सामना आला, फेब्रुवारी १८९५मध्ये, संडरलँडविरुद्ध, आणि संडरलँडने त्या वर्षी लीग जिंकली. तुमच्या तक्त्यातला ‘१’ तो हा.

१८९५-९६ला तो रॉदरहॅमकडे परतला. क्लबाचा तो लीगमधला शेवटचा हंगाम. स्टेलिब्रिज रोव्हर्स आणि ॲश्टन नॉर्थ एंड दोन्ही फुटबॉल लीगच्या बाहेरचे, म्हणून तिथेही रेघच. ॲश्टनचा क्लब १८९९मध्ये दिवाळखोरीत बुडाला. स्टॉकपोर्ट काउंटीला १९००मध्ये लीगमध्ये प्रवेश मिळाला होता, म्हणून १९०१-०२ पुन्हा मोजणीत येतो. थोडक्यात, लीगचा आकडा फक्त चार हंगामांपुढे पडू शकतो: १८९३-९४, १८९४-९५, १८९५-९६ आणि १९०१-०२.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. आजच्या रॉदरहॅम युनायटेडच्या खेळाडूंच्या यादीत व्हार्टनला शोधू नका. त्याचा रॉदरहॅम टाउन १८९६मध्ये संपला. युनायटेड झाला १९२५मध्ये, रॉदरहॅम काउंटी आणि नंतर निघालेला दुसराच रॉदरहॅम टाउन यांच्या विलीनीकरणातून. नाव तेच, क्लब वेगळा.

दोन_पावलं

क्रॉसबारची गोष्ट घ्या, पण तिचं वय सांगून घ्या.

ती आली आहे शेफील्डच्या एका वृत्तपत्रात १९४२मध्ये छापलेल्या वाचकाच्या पत्रातून. सामना रॉदरहॅम आणि शेफील्ड वेन्सडे यांच्यातला, मैदान ऑलिव्ह ग्रोव्ह. पत्रलेखक सांगतो की व्हार्टनने उडी मारून आडवा दांडा धरला, चेंडू दोन पायांत पकडला आणि अंगावर धावून आलेले तिघे आघाडीवीर सरळ जाळ्यात जाऊन पडले. आठवण पन्नासेक वर्षांनी लिहिलेली आहे, म्हणून तिच्यातले तपशील एकेक करून पारखावे लागतात.

मैदान जुळतं: वेन्सडे ऑलिव्ह ग्रोव्हवर १८८७ ते १८९९ खेळत होता आणि व्हार्टन १८८९पासून रॉदरहॅममध्ये होता. दांडा जुळतो: १८८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दोरी किंवा फीत जाऊन आडवा लाकडी दांडा सक्तीचा झाला होता, उंची आठ फूट. जाळी मात्र तारीख आवळते. गोलाला जाळ्या लावण्याचा पहिला मोठा प्रयोग जानेवारी १८९१मधला. लीगमध्ये त्या आल्या १८९१-९२पासून. तिघे खरंच जाळ्यात पडले असतील तर सामना १८९१च्या अलीकडचा हवा. ‘जाळ्यात’ हा शब्द आठवणीने मागाहून भरला असेल तर १८८९-९०सुद्धा चालतो. नोंदीत एवढंच लिहा: ‘१९४२च्या एका वाचकपत्रानुसार’. तारीख घालू नका.

पण गोष्ट विचित्र वाटते ती आपण आजचे नियम डोक्यात ठेवून वाचतो म्हणून. त्या काळी गोलरक्षकाला चेंडू नसतानाही खांद्याने ढकलता येत असे. एकाने गोलरक्षकाला आडवा करायचा आणि दुसऱ्याने चेंडू आत मारायचा, ही आघाडीची रोजची चाल होती. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला नियम बदलला आणि गोलरक्षक चेंडू खेळत असेल किंवा वाट अडवत असेल तेव्हाच त्याला धक्का मारायची मुभा उरली. तोवर रेषेवर दोन पाय रोवून उभं राहणं म्हणजे धडक ओढवून घेणं. व्हार्टन खांबापाशी वाकून, दबा धरून असायचा आणि शेवटच्या क्षणी झेपावून बाहेर यायचा, अशी त्या वेळची वर्णनं आहेत. लोक याला त्याचा विक्षिप्तपणा म्हणतात. मला त्यात साधा हिशोब दिसतो. हलत्या माणसाला धडक बसवणं कठीण, आणि १०० यार्ड १० सेकंदांत धावणारा गोलरक्षक असेल तर पाच-सहा यार्डांची झेप समोरच्याच्या अंदाजात बसत नाही.

मुठीने मारण्याचंही तसंच. चेंडू हातात घेऊन दोनपेक्षा जास्त पावलं टाकली की ‘कॅरिंग’, म्हणजे समोरच्या संघाला फ्री किक. आणि झेलून छातीशी धरला तर तीन माणसं अंगावर. म्हणून झेलण्यापेक्षा ठोसा सुरक्षित. व्हार्टनचा ठोसा लांब जाण्याबद्दल प्रसिद्ध होता. चुकला तर मात्र वाईट चुकायचा, कारण तो तोवर रेषा सोडून बाहेर आलेला असे आणि मागे गोल रिकामा. धोका त्या शैलीतच होता.

आणखी तीन नियम टीप म्हणून द्या, नाहीतर जुने सामनावृत्तांत उलगडत नाहीत. १८८७पासून गोलरक्षकाला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही हात वापरता येत होता. ही मुभा पेनल्टी क्षेत्रापुरती झाली ती १९१२मध्ये. पेनल्टी किक आली १८९१मध्ये, आणि १९०५पर्यंत गोलरक्षक सहा यार्ड पुढे येऊन उभा राहू शकत असे. आणि १९०९पर्यंत त्याचा सदरा बाकीच्यांसारखाच होता. त्यामुळे संघाच्या जुन्या छायाचित्रात ‘वेगळा सदरा म्हणजे गोलरक्षक’ हे अनुमान चालत नाही.

टीकेबद्दलही. १८८७च्या शरद ऋतूत एका क्रीडापत्राच्या स्तंभात व्हार्टनला गोलात उभं करणं प्रेस्टनला महागात पडेल असं लिहिलं गेलं, आणि ते लिहिताना त्याच्या वर्णावरून उघड शिवी दिली गेली. नोंदीत ही गोष्ट झाकू नका. तो ‘गोलात मस्करी करतो’ हा शेरा पुढे अनेकांनी तिथूनच उचलला आहे. पुनरुक्ती करताना त्याचा उगम कुठल्या वाक्यात आहे हे वाचकाला कळायला हवं.

गोलखांब

दोघांचे आभार. रेघ आणि शून्याचा फरक तर लगेच करून टाकतो. रॉदरहॅमसाठी दोन ओळी करतो, एक मिडलंड लीगची आणि एक फुटबॉल लीगची. आता ‘पहिला’वर कोणी बोलेल का? वॉल्टर बोमनचं नावही मधूनमधून येतं.

मधली_रेषा

बोमन येतो आणि त्याला वगळता येत नाही. वॉल्टर बोमन, जन्म १८७०, वॉटरलू, ओंटारिओ. १८९१मध्ये कॅनडाचा संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर आला त्यात तो होता. जानेवारी १८९२मध्ये ॲक्रिंग्टनकडून फुटबॉल लीगमध्ये खेळला, पुढे आर्डविककडे गेला. आर्डविक १८९४मध्ये मँचेस्टर सिटी झाला आणि बोमन तिथेच राहिला. व्हार्टनचा लीगमधला पहिला हंगाम १८९३-९४. दीड वर्षाचं अंतर आहे, तेव्हा ‘लीगमधला पहिला परदेशी’ हे बिरुद व्हार्टनपुढून काढा. (इथेही नावाचा खड्डा: बोमनचा ॲक्रिंग्टन हा लीगच्या बारा संस्थापकांपैकी एक, १८९३मध्ये लीग सोडलेला. ॲक्रिंग्टन स्टॅन्ली हा निराळा क्लब.)

मी बोमनपुढेही ‘पहिला परदेशी’ लिहिणार नाही. कारण ‘परदेशी’ हा शब्द तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच रकान्यात कोंबतो: जन्म कुठे झाला, कायद्याने तो कोणाचा प्रजाजन, आणि खेळ कुठे शिकला. गोल्ड कोस्ट आणि कॅनडा दोन्ही साम्राज्यात होते, म्हणून व्हार्टन आणि बोमन दोघेही कायद्याने ब्रिटिश प्रजाजन. त्यांना ‘एलियन’ (परका नागरिक) म्हणून कोणतीही परवानगी लागली नाही. उलट टोकाचं उदाहरण विल्यम केन्यन-स्लेनी. ८ मार्च १८७३ला ओव्हलवर स्कॉटलंडविरुद्ध ४-२ जिंकलेल्या सामन्यात इंग्लंडचा आंतरराष्ट्रीय सामन्यांतला पहिला गोल त्याने केला, आणि त्याचा जन्म राजकोटचा! त्याला कोणी परदेशी म्हणत नाही. साम्राज्यभर पसरलेल्या सैन्यातल्या आणि कचेऱ्यांतल्या इंग्रजांची मुलं बाहेर जन्मत होती. जन्मस्थळ हा एकमेव निकष धरला तर ‘पहिला’ हा किताब दर नव्या जन्मदाखल्यासरशी हलत राहील.

परकी प्रजाजन शोधायचा असेल तर यादी बदलते. लाइपझिगला जन्मलेला माक्स झेबुर्ग लहानपणीच लंडनला आला आणि १९०८-०९मध्ये टॉटनहॅम हॉटस्परकडून एक लीग सामना खेळला. क्लबाचा लीगमधला तो पहिलाच हंगाम. नंतर बर्नली आणि ग्रिम्सबी टाउन. पुढे रीडिंगला गेला, पण रीडिंग तेव्हा सदर्न लीग या वेगळ्या स्पर्धेत, म्हणून ते सामने तुमच्या नियमाने रेघेत जातील. इजिप्तच्या हसन हेगाझीने नोव्हेंबर १९११मध्ये फुलहॅमकडून स्टॉकपोर्ट काउंटीविरुद्ध एकच लीग सामना खेळला, गोल केला, आणि मग हौशी डलिच हॅम्लेटकडे राहिला. निल्स मिडलबो १९१३मध्ये चेल्सीकडे आला. डेन्मार्कसाठी १९०८ आणि १९१२च्या ऑलिम्पिकची रौप्यपदकं, लंडनमध्ये बँकेत नोकरी, खेळणं हौशी. आणि जन्म स्वीडनमधल्या ब्रांतेविकचा. फक्त जन्माचा रकाना भरणारा माणूस त्याला स्वीडिश ठरवून मोकळा होईल.

या सगळ्यांना दार उघडं होतं हे महत्त्वाचं. ते बंद झालं नंतर. १९३०मध्ये आर्सेनलने ऑस्ट्रियाचा गोलरक्षक रुडी हीडन आणायचा प्रयत्न केला, तो देशात प्रवेशच न मिळाल्याने फसला. मग हौशी म्हणून आलेला डच गोलरक्षक गेरी कायझर खेळला. १९३१मध्ये फुटबॉल असोसिएशनने परक्या नागरिकांना दोन वर्षांच्या वास्तव्याची अट घातली, ती उठली १९७८मध्ये. व्हार्टनच्या काळाला हा नियम लावून ‘त्याला खास सूट मिळाली’ असं लिहिलेलं आढळतं. त्याच्या वेळी हा नियम नव्हताच. होता तो वर आलेला सहा मैलांचा, आणि तो लिव्हरपूलच्या व्यावसायिकालाही प्रेस्टनमध्ये तितकाच लागू होता.

‘पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक’ हे ठेवा, पण १८८९ आणि रॉदरहॅम यांच्याशी जोडून ठेवा, प्रेस्टनशी नाही. आणि ‘फुटबॉलपटू’ व ‘व्यावसायिक’ यांत गल्लत करू नका: डेमेरारात (आजच्या गयानात) जन्मलेला अँड्र्यू वॉटसन १८८१मध्ये स्कॉटलंडचा कर्णधार होता आणि त्या सामन्यात इंग्लंड ओव्हलवर ६-१ हरलं. वॉटसन १८८७मध्ये बूटलकडून खेळला. तो क्लब काही खेळाडूंना पैसे देत असे, म्हणून त्यालाच पहिला व्यावसायिक मानणारेही अभ्यासक आहेत. एका वाक्यात हा वाद नोंदवला तर नोंद जास्त भक्कम होईल. ‘अव्वल विभागातला पहिला कृष्णवर्णीय’ याला संडरलँडच्या सामन्याचा आधार आहे, ते निर्धास्त राहू द्या.

जुनी_पानं

कागद तपासण्याबद्दल. उलट्या दिशेने जा: खेळाडूच्या नावाने शोधू नका, सामन्याच्या तारखेने शोधा.

आधी हंगामाचं वेळापत्रक मिळवा, म्हणजे कोणत्या तारखेला कोण कोणाविरुद्ध हे सगळे २८ सामने. मग प्रत्येक सामन्यासाठी सोमवारचं वर्तमानपत्र उघडा. मँचेस्टरचं अ‍ॅथलेटिक न्यूज सोमवारी निघायचं. शेफील्ड-रॉदरहॅमसाठी शेफील्डची दोन्ही दैनिकं, टेलिग्राफ आणि इंडिपेंडंट. शनिवारी छापलेला संघ हा ‘ठरलेला’ संघ असतो. गाडी चुकली, ताप आला, ऐन वेळी बदल झाला, यातलं काहीच त्यात येत नाही. तक्त्यांतल्या बऱ्याच चुका शनिवारचा संघ खरा धरल्याने होतात. सोमवारच्या वृत्तांतात गोलरक्षकाचं नाव निदान एकदा, एखाद्या बचावाच्या किंवा गोलाच्या ओघात येतंच. संघयादीत नाव आहे आणि वृत्तांतातही आहे, तरच सामना मोजा. दोन दैनिकांत तफावत असेल तर यजमान क्लबाच्या गावच्या दैनिकाला जास्त वजन द्या, त्यांचा माणूस मैदानावर असायचा.

नावाने शोधलं की काय होतं ते सांगतो. जुन्या छपाईचं संगणकाने केलेलं वाचन अक्षरं फोडतं, आणि व्हार्टनसारखं नाव निम्म्या वेळा हाती लागत नाही. शिवाय हे आडनाव उत्तर इंग्लंडचंच आहे. यॉर्कशरमध्ये या नावाचे इतर खेळाडू, पंच, क्लबाचे अधिकारी निघतात. वृत्तांतात आद्याक्षर नसतं. आपला व्हार्टन क्रिकेटही खेळायचा, त्यामुळे उन्हाळ्यातल्या नोंदी वेगळ्या काढा.

जन्मस्थळ आणि धंद्यासाठी जनगणना. ५ एप्रिल १८९१, ३१ मार्च १९०१, २ एप्रिल १९११ आणि १९ जून १९२१ या चार रात्रींच्या नोंदी उपलब्ध आहेत. १९११चा फॉर्म कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला, म्हणून जन्मस्थळाच्या बाबतीत तो आधी पाहा. आधीच्या जनगणनांत आपण वाचतो ती गणकाने वहीत उतरवलेली प्रत असते, आणि त्याला अपरिचित गावांची नावं तो ऐकू येतील तशी लिहायचा. धंद्याच्या रकान्यात ‘फुटबॉलपटू’ क्वचितच मिळेल. व्हार्टनने रॉदरहॅममध्ये अल्बर्ट टॅव्हर्न चालवलं, आणि खेळाडूला पब मिळवून देणं हा त्या काळी करारातला नेहमीचा गोडवा होता. म्हणून पबचे परवाने देणाऱ्या न्यायालयाच्या बातम्याही चाळा. परवाना कोणत्या महिन्यात कोणाच्या नावावर झाला हे तिथे छापून येतं, आणि तो कोणत्या गावात राहत होता याचा पुरावा मिळतो. क्लब बदलल्याची तारीख पक्की करायला याचा चांगला उपयोग होतो.

बदलीच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. लीगमध्ये नोंदलेला खेळाडू आपल्या क्लबाच्या परवानगीशिवाय लीगमधल्या दुसऱ्या क्लबाकडे जाऊ शकत नसे. १८९३पासून ही पकड आणखी घट्ट झाली. लीगबाहेरच्या क्लबाकडे जाताना मात्र ती सुटत असे. त्यामुळे रॉदरहॅमहून स्टेलिब्रिजला जाण्याचा व्यवहार लीगच्या कागदांत शोधत बसू नका.

निवृत्तीनंतरची वर्षं नोंदीत थोडक्यात पण स्पष्ट लिहा. १९०२मध्ये खेळ थांबला. लीगने १९०१पासून आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा घातलेली होती आणि निवृत्तिवेतन नव्हतं. एडलिंग्टनच्या यॉर्कशर मेन कोळसा खाणीत तो वाहतुकीच्या कामाला होता. डिसेंबर १९३०मध्ये वारला, आणि थडग्यावर दगड बसला तो १९९७मध्ये, शेफील्डच्या वर्णद्वेषविरोधी फुटबॉल चळवळीच्या पुढाकाराने. २००३मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, २०१४मध्ये सेंट जॉर्जेस पार्क या इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात पुतळा बसला.

उजवी_बगल

जुनी_पानं यांच्या पद्धतीला एक पुरवणी. १८९३ ते १८९८ हंगामाच्या शेवटी दोन विभागांमधल्या बढती-घसरणीसाठी ‘टेस्ट मॅच’ होत. काही तक्ते ते सामने लीगमध्ये धरतात, काही नाही. रॉदरहॅम टाउनला त्यांत कधीच खेळावं लागलं नाही, म्हणून व्हार्टनच्या आकड्याला त्याने फरक पडत नाही. याच नोंदीला जोडून बोमनचा तक्ता करणार असाल तर मात्र आधी ठरवून घ्या, आणि ठरवलेलं तक्त्याखाली एका ओळीत लिहून टाका.